पाडव्याच्या संध्याकाळची पालखी



भक्तहो, जयंतीच्या या अंकासाठी मी दरवर्षी अवधूतांच्या चोवीस गुरूंपैकी एकावर लिहितो. पृथ्वी झाली, वायू झाला, गेल्या खेपेला अजगर झाला. यंदा आकाशावर लिहा असं मंडळींनी सांगितलं आणि मी वही उघडून चार दिवस नुसता बसून राहिलो. आकाश म्हटलं की मला एकच संध्याकाळ आठवते. त्या संध्याकाळविषयी मी व्यासपीठावरून आजवर चकार शब्द काढलेला नाही. खरं तर चूक व्यासपीठावर झाली, तेव्हा कबुलीही तिथूनच द्यायला हवी. पण तेवढं धैर्य होत नाही. लिहिताना श्रोते समोर नसतात, एवढीच सोय.

२ एप्रिल २०२२, शनिवार, गुढीपाडवा. करोनाचे निर्बंध त्याच पाडव्याला उठले होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी दत्तमंदिराच्या ओट्यावर पाडव्याच्या संध्याकाळी पंचांगवाचन असतं. दोन वर्षं ते झालं नव्हतं. त्यामुळे माणसं अशी जमली होती, की ओटा पुरेना, पोरंसोरं कट्ट्यावर आणि म्हातारी मंडळी खुर्च्या टाकून रस्त्यावर. कडुलिंबाचा प्रसाद वाटून झाला. मी पंचांग उघडलं. शके १९४४, संवत्सराचं नाव शुभकृत्. नावातच शुभ. मी रंगात आलो होतो. दोन वर्षं घरात बसून भिंतींना प्रवचन सांगणाऱ्या माणसापुढे एवढा समुदाय बसला की काय होतं ते बोलणाऱ्यालाच ठाऊक.

पावणेआठचा सुमार असेल. एक पोरगा ओरडला, ‘वर पाहा, वर!’ पश्चिमेकडून आकाशात एक जळता गोळा निघाला होता. तारा तुटतो तसा क्षणात विझणारा नव्हे. संथ, अगदी संथ. पुढे एक मोठा तेजाचा पुंज, त्याच्या मागे लहान लहान तुकडे एका ओळीत, प्रत्येकाला आपापली शेपटी. आवाज अजिबात नाही. डोक्यावरून तो पूर्वेकडे सरकत गेला. मनात रामरक्षेचे चार श्लोक म्हणून व्हावेत इतका वेळ ते दिसत होतं. बायका हात जोडून उभ्या राहिल्या. कुणी म्हणालं, कुणीतरी मोठा माणूस गेला. कुणी म्हणालं, लढाई होईल. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. ‘महाराज, हे काय?’

भक्तहो, ‘मला ठाऊक नाही’ हे तीन शब्द आहेत. त्यांना पैसा पडत नाही. ते माझ्या तोंडून आले नाहीत. मी म्हणालो, ‘घाबरू नका. दिवट्यांची रांग पाहिलीत ना? ही महाराजांची पालखी निघाली. शुभकृत् संवत्सराच्या पहिल्याच रात्री दत्तप्रभूंनी खूण दिली. ज्याच्या मनात जी चिंता असेल ती आज मिटली म्हणून समजा.’

असा जयघोष झाला म्हणता! मला स्वतःलाच गहिवरून आलं. त्या वेळी ते मला खोटं वाटत नव्हतं, हे सांगितलं पाहिजे. आपल्या शब्दाने शंभर माणसं हलतात तेव्हा तो शब्द आपल्याला खराच वाटतो.

आरतीनंतर आमचे एक जुने भक्त जवळ आले. नाव सांगत नाही, आपण त्यांना भाऊ म्हणू. घरची पाच एकर कोरडवाहू शेती, सरळ माणूस, तीस वर्षं गुरुवार चुकलेला नाही. वहिनींच्या छातीत गाठ निघाली होती. सोमवारी त्यांना नागपूरला न्यायचं होतं, तपासण्या आणि बहुधा ऑपरेशन. भाऊंनी माझ्या पायाला हात लावला आणि विचारलं, ‘महाराज, खूण झाली. आता नागपूर राहू द्यावं का?’

मी ‘राहू द्या’ म्हणालो नाही. ‘जा’ असंही म्हणालो नाही. म्हणालो, ‘महाराजांनी सांगितलंय ना, मग चिंता कसली?’ वकील लोक जसं बोलतात तसं, धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच मोबाइलवर फोटो फिरू लागले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात आकाशातून लोखंडी कडं पडलं होतं. चांगलं तीन मीटर व्यासाचं, तापलेलं. आसपास धातूचा एक गोळाही सापडला. जाणकारांनी सांगितलं की फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या लाँग मार्च जातीच्या रॉकेटचा तो वरचा टप्पा असावा. उपग्रह सोडून झाल्यावर रिकामं नळकांडं पृथ्वीभोवती फिरत राहतं. प्रत्येक फेरीत वरच्या विरळ हवेला घासतं, वेग घटतो, फेरी खाली येते, आणि एक दिवस दाट हवेत शिरून पेटतं आणि तुटतं.

आमच्या शाळेतले विज्ञानाचे गुरुजी प्रवचनाला येतात, पण मागे बसतात. त्यांनी मला समजावलं. म्हणाले, ‘काका, संथपणावरूनच ओळखायचं. खरी उल्का सेकंदाला अकरा किलोमीटरपासून बहात्तर किलोमीटरपर्यंत वेगाने येते. एक-दोन सेकंदांत खेळ आटोपतो. हे धूड सात-आठ किलोमीटरने येत होतं, तेही जवळजवळ आडवं. म्हणून तुम्हाला पालखी दिसली.’ त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मला मात्र तो लागला.

आता पुढचं नीट ऐका, कारण माझा खरा अपराध शनिवारचा नाही. शनिवारी मी अज्ञानाने बोललो. रविवारी मला कळलेलं होतं. भाऊंचं घर माझ्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे. सोमवारच्या सकाळच्या एसटीला अजून एक रात्र होती. मी उठून गेलो असतो आणि म्हणालो असतो, ‘भाऊ, माझं चुकलं, ते रॉकेट होतं, उद्या नागपूरला निघा,’ तर पाच मिनिटांचं काम होतं. मी गेलो नाही. मनाला समजावत राहिलो. रॉकेट पडायचं ते पाडव्यालाच का पडलं? आमच्याच डोक्यावरून का गेलं? महाराजांच्या इच्छेशिवाय पान हलत नाही, मग रॉकेट कसं हलेल? विद्वत्ता माणसाला किती उपयोगी पडते पाहा! भाऊंची सोमवारची एसटी गेली. ते दोघं घरीच राहिले.

अकरा दिवस मी त्या गल्लीतून गेलो नाही. दूध आणायला लांबचा रस्ता धरला.

त्या अकरा दिवसांत पोथी वाचायला बसलो की एकच ठिकाण उघडायचं. ययातीची कथा आपल्याला ठाऊक आहे, पण आपण ती म्हातारपण-तरुणपणाच्या अदलाबदलीपाशी थांबवतो. महाभारताच्या आदिपर्वात ती पुढे जाते. ययाती स्वर्गात जातो, तिथे पुष्कळ काळ राहतो. एक दिवस इंद्र त्याला विचारतो, तपामध्ये तुझ्या बरोबरीचा कोण? ययाती म्हणतो, देवांत नाही, माणसांत नाही, गंधर्वांत नाही, महर्षींतही मला कुणी दिसत नाही. या एका वाक्याने त्याचं पुण्य सरतं आणि तो स्वर्गातून खाली पडू लागतो. वराहमिहिरांनीही बृहत्संहितेत उल्का म्हणजे स्वर्गातलं पुण्यफळ भोगून खाली येणारे, असंच लिहिलंय आणि त्यांचे पाच प्रकार सांगितलेत. आपल्याकडे तारा तुटला की कुणीतरी गेलं असं म्हणतात, त्याचं मूळ अशा समजुतींत असावं. ते असो. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ययाती होता, जळत जळत खाली येणारा, आणि तो पडला होता तोंडामुळे.

खाली अष्टक राजा उभा आहे. अग्नीसारखं काहीतरी आकाशातून येताना त्याला दिसतं. तो काय करतो? हे माझ्या राज्याला शुभ की अशुभ, असं तो पुरोहिताला विचारत नाही. त्या पडणाऱ्यालाच विचारतो, बाबा, तू कोण? कुठून आलास? त्या एका प्रश्नातून पुढचा सगळा धर्मसंवाद घडतो. अष्टक आणि त्याचे तिघे भाऊ त्या पडलेल्या म्हाताऱ्याला आपापलं पुण्य देऊ करतात. नंतर कळतं की तो त्यांचाच आजोबा.

हा ययाती कुणाचा बाप? यदूचा. आणि अवधूतांनी चोवीस गुरू कुणाला सांगितले? त्याच यदूला. भागवताच्या एकादश स्कंधात भगवंत उद्धवाला ती गोष्ट सांगतात. मी तीस वर्षं ही दोन्ही प्रकरणं सांगत आलो, पण बाप आणि लेक एकमेकांशेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते. बाप स्वतःचं मोठेपण सांगताना पडला. लेकाच्या दारी धुळीने माखलेला एक अवधूत आला तेव्हा लेकाने हात जोडून विचारलं, महाराज, तुम्ही काही करत नाही, तुमच्याजवळ काही नाही, तरी तुम्ही इतके आनंदात कसे?

आणि अवधूतांनी जे गुरू सांगितले त्यातला एक तरी अवधूतांना खूण द्यायला आला होता का? ती कुमारिका आठवा. घरी पाहुणे आलेले, ती आत एकटीच साळी कांडतेय, बांगड्या वाजतात, पाहुण्यांपुढे गरिबीची लाज नको म्हणून एकेक काढत जाते आणि हातात एकच ठेवते. ती आपल्या लाजेत आहे. बाहेर कुणी अवधूत उभा आहे हे तिच्या गावीही नाही. शिकण्याचं सगळं काम अवधूतांनी केलं. पतंग दिव्यावर पडला तो कुणाला उपदेश करायला नव्हे. आकाशात ढग येतात जातात, आकाश लिप्त होत नाही. पण तेही कुणाकडे बोट दाखवून ‘पाहा, मी अलिप्त आहे’ म्हणत नाही. मी मात्र पाडव्याला वर पाहिलं आणि पहिला विचार केला, की हे आमच्यासाठी आहे. आमच्यासाठी म्हणजे खरं तर माझ्या प्रवचनासाठी.

इथे तुम्ही अडवाल. म्हणाल, महाराज, मग गुरुचरित्रातल्या प्रचीती काय खोट्या? मुळीच नाही. मीही त्यावरच जगतो. पण चौदावा अध्याय पाहा, आपल्यापैकी पुष्कळांचा रोजचा पाठ आहे. सायंदेवाला यवन राजाचं बोलावणं आलेलं. गेला की जीव जाणार अशी त्याची खात्री. तो गुरूंच्या पायाशी येऊन रडतो. गुरू त्याला काय सांगतात? घरी बस, मी बघतो? नाही. निर्भय होऊन जा म्हणतात. आणि तो जातो. प्रचीती येते ती तिथे गेल्यावर. गुरूंच्या शब्दाने सायंदेव भीती होती त्याच दाराशी जाऊन उभा राहिला. माझ्या शब्दाने भाऊ घरात बसले. दोन्ही शब्दांत हा फरक होता आणि तो मला अकरा दिवसांनी दिसला.

बाराव्या दिवशी गेलो. भर दुपार. भाऊ शेतात होते, वहिनी एकट्याच दाळ निवडत होत्या. मी उंबऱ्यातच उभं राहून सगळं सांगितलं. रॉकेट, लाडबोरी, रविवारीच कळलं होतं ते, आणि दुधाचा लांबचा रस्तासुद्धा. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, ‘महाराज, एक विचारू का? गाठ माही होती. मंग खूण यायले कशी भेटली?’

मला उत्तर आलं नाही. आजही येत नाही. वहिनींना पहिल्यापासून जायचं होतं. त्या रात्री आकाशातलं तेही त्यांनी पाहिलं होतं आणि त्यांना त्यात काही दिसलं नव्हतं. पण त्यांना कुणी विचारलंच नाही. नवऱ्याने महाराजांना विचारलं, महाराजांनी आकाशाला विचारलं, जिच्या अंगात दुखणं ती चुलीपाशी.

पुन्हा नंबर लागून नागपूरला पोचायला आणखी दिवस गेले. पाडव्यानंतर एकूण तीन आठवडे. मी सोबत गेलो. ऑपरेशन झालं, पुढची औषधं झाली, केस गेले आणि पुन्हा आले. तेवढ्या उशिराने काही बिघडलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. हे डॉक्टरांनी म्हणावं. मला ते म्हणण्याचा अधिकार नाही.

भाऊ माझ्यावर रागावले नाहीत. त्याचं मला अधिक वाईट वाटलं. मी त्यांना म्हणालो, तुम्ही चारचौघांत मला विचारा, म्हणजे मी चारचौघांत सांगेन. ते म्हणाले, ‘जाऊ द्या, व्यासपीठाची शोभा जाते.’ हा अंक हातात पडल्यावर ती जाईल. दोघांना आधी वाचून दाखवलंय. वहिनींनी एका जागी दुरुस्ती सुचवली, दाळ तुरीची होती एवढं घालायला सांगितलं. घातलं.

त्यानंतर मी एक केलं. आकाश शिकायला लागलो. सत्तरीला आलेला माणूस गुरुजींच्या गच्चीवर चटई टाकून पडू लागला. आपल्या दैवताचं घराणंच आकाशातलं आहे हो! वडील अत्री सप्तर्षींत, चंद्र सख्खा भाऊ. सूर्य अंधाराने झाकला गेला तेव्हा अत्रींनी तो शोधून काढला, अशी ऋग्वेदात कथा आहे. त्या घरचे भक्त म्हणवायचं आणि पुनर्वसू कुठे ते ठाऊक नसायचं!

एकदा गुरुजींनी मला लोणारला नेलं. आधी दोनदा गेलो होतो, पण धारेवर स्नान करून आणि दैत्यसूदनाचं दर्शन घेऊन परत. या वेळी काठावर बसून पाहिलं. सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद खळगा, आपल्या काळ्या पाषाणात, आकाशातून आलेल्या दगडाने पाडलेला. विष्णूंनी लवणासुराला मारलं ती कथा तिथलीच. एवढा प्रहार झालेल्या जागी माणसांनी काय केलं, तर गोडं पाणी शोधलं आणि देवळं बांधली. मी बराच वेळ तिथे बसून होतो.

आणि मग २०२४ ची जयंती आली. १४ डिसेंबर, शनिवार. सूर्यास्ताला जन्म झाला, पाळणा झाला, पालखी फिरून आली. साडेदहा-अकराच्या सुमाराला मंदिराच्या आवारात दुसऱ्या दिवशीच्या महाप्रसादाची तयारी चालली होती. वांगी चिरायला बायकांबरोबर आम्ही पाच-सहा म्हातारेही बसलो होतो. वहिनी होत्या, भाऊ होते. पौर्णिमेचा चंद्र जवळजवळ डोक्यावर, आणि त्याच्या शेजारीच गुरू, ठळक. दत्तजयंतीला चंद्राजवळ गुरू! पूर्वीचा मी असतो तर यावर अर्धा तास बोललो असतो. जीभ वळवळली, खोटं कशाला सांगू.

दरवर्षी डिसेंबरच्या मध्याला मिथुन राशीकडून उल्का येतात. फेथॉन नावाचा एक लघुग्रह आहे, १९८३ साली सापडलेला. त्याची धूळ त्याच्या वाटेवर पसरलेली आहे आणि आपली पृथ्वी त्या धुळीतून जाते. दाणे बहुतेक वाळूएवढे, क्वचित हरभऱ्याएवढे किंवा थोडे मोठे, पण सेकंदाला पस्तीस किलोमीटर वेगाने हवेत शिरतात. पुढची हवा दाबली जाऊन तापते, दाणाही जळतो, आणि सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर आपल्याला रेघ दिसते. पौर्णिमेला लहान उल्का चांदण्यात बुडून जातात, तेव्हा फार काही दिसेल असं मला वाटत नव्हतं.

तेवढ्यात आवारातली भिंत उजळली. मी मान वर करेपर्यंत पुनर्वसूच्या बाजूने निघालेली ती उत्तरेकडे कडुलिंबामागे चालली होती. पांढरी, कडेला हिरवट झाक, शुक्राहून कितीतरी तेजस्वी. शेवटी एकदा फुलली आणि संपली. दोन सेकंद, फार तर तीन. मागे एक फिकट रेघ राहिली आणि तीही विरली. चंद्र होता तिथेच होता, गुरूही.

पोरं ओरडली. एका आजींनी रामराम म्हटलं. विळ्या थांबल्या. आणि पुन्हा, भक्तहो, सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. भाऊंनी विचारलं, अगदी त्याच सुरात, ‘महाराज, हे काय होतं?’

‘उल्का,’ मी म्हणालो. ‘मिथुनेकडून आली. हरभऱ्याहून थोडा मोठा दगड असेल. आणखीही पडतील, पाहत राहा.’

‘बस? आणखी काही नाही?’

‘आणखी मला ठाऊक नाही.’

भाऊ जरा हिरमुसले. वहिनी बराच वेळ वर पाहत होत्या, कडुलिंबाच्या शेंड्याकडे. मग म्हणाल्या, ‘मोठी सुंदर होती पण,’ आणि वांग्यांचं घमेलं माझ्याकडे सरकवलं. ‘मंग चिरा आता, महाराज. अजून दोन टोपल्या आहेत.’